उलारच्या नावावरची कवटी

१

फिल्म अगदी स्वच्छ होती, आणि त्यामुळेच माझं डोकं सणकलं.

त्या सकाळी मी घरून निघत होते, तेवढ्यात फोन वाजला. खिंडीपलीकडे जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅनचं यंत्र आहे. ते चालवणारा माझा जुना सहकारी बोलत होता. तारेवर बर्फ साचलेलं, आवाज तुटत होता. "ताझागुल, त्या पोराची फिल्म नीट बघ. मागच्या बाजूला, लहान मेंदूत. घरात कुणाला असं काही आहे का विचारलं, तर गप्प बसला. त्याच्या आईला बोलावून तपास, कारण हे..." एवढ्यावर फोन मेला. दुपारपर्यंत खिंडीत हिमाचा कडा कोसळल्याची बातमी आली. रस्ता बंद, मोबाइलचा मनोरा आडवा, वीज जनित्रावर. आम्ही सगळे डब्यात झाकण लावल्यासारखे अडकलो.

तो पोरगा म्हणजे उलार. बाविशीचा, दांडगा मेंढपाळ. महिनाभर सकाळी उठला की डोकं धरायचा, ओकायचा, चालताना झोकांड्या खायचा. गाव म्हणायचं, पोरगं प्यायला लागलं. मला ते पटेना, म्हणून आमच्या रुग्णगाडीतून त्याला सीटीला पाठवलं. त्याच गाडीतून त्याची वहिनी बेगायिम पोटाच्या तपासणीला गेली होती. खिंड बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी दोघं परतली, आणि त्यांच्या फिल्म दवाखान्याच्या कपाटात जाऊन पडल्या.

आता ती फिल्म उजेडाच्या पेटीवर होती. कोपऱ्यात नावाची चिठ्ठी चिकटवलेली: उलार. लहान मेंदूत काही म्हणजे काही नव्हतं. माझा सहकारी आळशी आहे, चहात साखर विसरतो, पण नसलेली गाठ बघणारा माणूस तो नव्हे.

मग मी इतर चौकटी बघायला लागले. कवटी आणि मेंदू यांच्यात वयाने पडते तशी फट होती. खालच्या ओळीत डाव्या गालाचं हाड कधीतरी मोडून वाकडंतिकडं जुळलेलं, नाकाचं हाड एका बाजूला कललेलं. उलारचं नाक तर सुरीसारखं सरळ. नावाच्या चिठ्ठीची एक कड सुरकुतली होती. ती कुणीतरी उपटून परत चिकटवली होती.

ही कवटी उलारची नव्हतीच.

२

चोरीची बोंब मारण्यात अर्थ नव्हता. बाहेर गुडघाभर बर्फ. चोर असला तरी जाणार कुठे? आणि वेळही नव्हता. बचाव दलाशी आमचा रेडिओ तेवढा चालू होता. आभाळ उघडलं तर उद्या सकाळी हेलिकॉप्टर येणार होतं, पण ते वाटेत इतर गावांचे रुग्ण उचलत येणार. आमच्या वाट्याला एकच जागा. ती बेगायिमला द्यायचं ठरलं होतं. उलारच्या डोक्यात खरंच गाठ असेल आणि मला ती दिसली नाही, तर पोरगा खिंड उघडेपर्यंत टिकला नसता.

पहिली गाठली सोनुनला. आमची नर्स, जिभेने तिखट, आणि वसंतात उलारशी तिचं लग्न ठरलेलं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे होती?"

"किल्ली? ती शेगडीजवळच्या खिळ्याला असते, ताई. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. कुत्र्यांना तेवढं माहीत नसेल."

"फिल्म तू बघितलीस?"

"बघितली असती तर तुमच्या आधी मीच ओरडले नसते का?" तिने नाक उडवलं. "का? काय आहे त्याला? खरं सांगा. नवरा आंधळेपणाने घ्यायला मी काही बकरी विकत घेत नाहीये."

तिच्याकडे कारण होतं. आजारी नवरदेव म्हणजे मोडलेलं लग्न. पण सोनुन माझ्या हाताखाली फिल्म बघायला शिकलेली. वाकड्या नाकाची कवटी ती माझ्यासमोर ठेवणार नाही. मी काय ओरडेन ते तिला पाठ आहे.

मग वॉर्डात गेले. बेगायिम उशीला टेकून बसली होती. चाळिशीची, सावध डोळ्यांची बाई. तिचा आजार लाखांत कुणाला तरी होतो: शरीरात जागोजागी रक्तवाहिन्यांच्या गाठी उठतात, डोळ्यांत, मूत्रपिंडात, मेंदूत. आईबापांकडून उतरतो. बरा होत नाही, पण दरवर्षी फिल्म काढून लक्ष ठेवलं आणि वाढलेली गाठ वेळेत काढली, तर माणूस म्हातारा होऊन मरतो. तिच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ तिचा रक्तदाब वारू उधळावा तसा उधळवत होती. गोळ्यांनी तो कसाबसा आवरून धरला होता.

खाटेशेजारी तिची सासू कालिपा आपा लोकर पिंजत बसलेली. सून आजारी पडल्यापासून म्हातारी तिथून हलली नव्हती. तसेही तिचे गुडघे तिला एकटीला दारापलीकडे नेत नसत.

मी आत पाऊल टाकलं तशी बेगायिम म्हणाली, "त्याची फिल्म कशी आहे, डॉक्टर?"

"कुणाची?"

"भावोजींची." मग जरा थांबून, "आणि माझीही."

"तुझी आहे तशीच आहे. गाठ काढायची आहे, आणि ती निघेल."

"काढा. मुलींच्या फिल्म स्वच्छ आहेत असं तुम्ही सांगितलंत म्हणून हो म्हटलं. माझ्यामुळे पोटच्या लेकराला असलं काही झालं असतं ना, तर मी सुरी लावूच दिली नसती. सडून मेले असते, तेच बरं."

आपाने लोकरीतून मान वर केली. "उगा अभद्र बोलू नकोस ग. तोंडाला काही कुलूपबिलूप?"

बेगायिमने मान खाली घातली. मोठ्यांपुढे ती नेहमीच गप्प होते.

३

खोलीत येऊन मी चहा ओतला आणि तो तसाच गार होऊ दिला. फोनवरची ती अर्धी ओळ डोक्यातून जाईना. लहान मेंदूत गाठ, आणि लगेच आईला तपासायचं. असा एकच आजार मला ठाऊक होता. पण तो तर बेगायिमला! सुनेचा आजार दिराला कसा होईल? ती या घरात लग्न होऊन आलेली, तिकडच्या दरीतली. लाखांत एकाला होणारं दुखणं एकाच छपराखाली दोन परक्या रक्तांना व्हावं?

मग उरली आपा. कदाचित तिच्याकडूनच उलारला आलं असेल, आणि बेगायिमचं दुखणं हा नुसता योगायोग असेल. योगायोगावर माझा विश्वास नाही, पण सोनोग्राफीचं यंत्र हाताशी असताना विश्वासाची गरजही नाही.

"मला काय धाड भरलीय?" आपा कुरकुरली. तरी सोनुनच्या खांद्यावर रेलत आली, पटकुरासारखे सात कपडे एकावर एक सोडून आडवी झाली, आणि पोटावर गार मलम लागताच मला दोन शिव्या हासडल्या.

मूत्रपिंडं छान. स्वादुपिंड छान. एक गाठ नाही, एक फोड नाही. या वयात असं पोट असणं म्हणजे देवाची मेहरबानीच. सवयीने मी यंत्राचा दांडा खाली सरकवला. ओटीपोटात काहीतरी कमी वाटलं. पुन्हा बघितलं.

"आपा, तुमची पिशवी काढलीय?"

"मग! धाकटी लेक झाली, रक्त थांबेना. राजधानीतून, फ्रुंझेहून मोठा डॉक्टर आला होता, रशियन. तेव्हा जुनं सोव्हिएत राज्य होतं, डॉक्टरसुद्धा विमानाने यायचे. आता बघ, तू एकटी." ती कूस बदलत होती. अचानक थांबली. माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

जुनं राज्य जाऊन तीस वर्षांवर झाली. उलार बावीसचा. आणि गावभर सगळे त्याला आपाचं शेंडेफळ म्हणतात.

"पोरी," आपा हळूच म्हणाली, "जे दिसलं ते तुझ्यापाशी ठेव."

४

तेवढ्यात अंगणात घोडा फुरफुरला. एसेनगुल, बेगायिमचा नवरा. गाडी सीटीला गेली त्याआधीपासून तो वरच्या हिवाळी गोठ्यावर अडकला होता, आणि आता बर्फ फोडत खाली आला होता. मिशीवर बर्फ, अंगाला घोड्याचा वास. टोपी काढून तो दिव्याखाली उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. नाक डावीकडे कललेलं. डावा गाल आत दबलेला.

"काय डॉक्टरीणबाई, नजर लावता काय? एवढा देखणा दिसतो मी?"

"गाल कधी मोडला?"

"गेल्या साली, घोड्यांवरून बकरं पळवायच्या उलाकच्या खेळात. बकरं माझ्या हातात, आणि त्या हरामखोराच्या घोड्याची लाथ माझ्या तोंडात!" त्याचा चेहरा खुलला. "पण बकरं सोडलं नाही. त्याची फिल्मसुद्धा आहे माझ्याकडे. पाहुणे आले की मी खिडकीला धरून दाखवायचो, हाड कुठे कसं जुळलंय ते. पण आमच्या आईला ते खपेना. म्हणे, जित्या माणसाची कवटी घरात टांगू नये."

"मग फेकलीस?"

"फेकतोय! कोकरांच्या खोपटाची काच फुटली होती. तिथे ठोकली चार खिळे मारून. आता माझी कवटी कोकरं राखते."

मी उठून फिल्म हातात घेतली. चारही कोपऱ्यांत बारीक भोकं होती. मघाशी ती मला दिसली होती, पण यंत्राच्या क्लिपांची असतील म्हणून सोडून दिली. फिल्मला मेंढीचा वासही येत होता, पण आमच्या गावात मेंढीचा वास कशाला येत नाही?

आमच्याकडे बघून झालेली फिल्म दवाखान्यात राहत नाही, रुग्णाच्या घरी जाते. घरातलीच फिल्म घरातल्याच कुणीतरी आणून माझ्या कपाटात घातली होती. एसेनगुल वर अडकलेला. बेगायिम खाटेवर, आपा तिच्या उशाशी, मुली बर्फामुळे घरातच. सोनुन असली फसवणूक करायला फार हुशार. घरी जाऊन दवाखान्यात येणारा एकच माणूस उरत होता. रोज सकाळी दुधाची किटली आणि रस्सा घेऊन तो यायचा, आणि शेगडीजवळ हात शेकत उभा राहायचा. अगदी किल्लीच्या खिळ्याखाली.

ज्याचं घर लुटलं त्याच्यावर चोरीचा आळ कोण घेईल? म्हणूनच इतका वेळ माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

५

खोपटाकडे जाताना मला खात्री होती की खरी फिल्म तिथेच असणार. त्याने काहीही केलं असेल, पण या गारठ्यात कोकरांची खिडकी उघडी टाकली नसणार. खिडकीवर एक कवटी होती, ती काढली तर दुसरी लावावीच लागणार. पोरगा हाडाचा मेंढपाळ.

आत अंधार, ऊब, आणि कोकरांची बेंबे. एका खिडकीतून तेवढा उजेड येत होता, आणि तो उजेड उलारच्या मेंदूतून येत होता. मागच्या बाजूला, लहान मेंदूत, पाण्याने भरलेला मोठा गोल फुगा, आणि त्याच्या कडेला वाटाण्याएवढा चकाकता ठिपका. खाली दोन कोकरं एकमेकांना चिकटून झोपली होती.  मला त्या पोराचा मनापासून राग आला.

"ताई, तुम्ही मेंदू बघाल असं वाटलं होतं," मागून आवाज आला. "गाल कोण बघतो?"

उलार गवताचा भारा घेऊन दारात उभा होता. एक खांदा भिंतीला टेकलेला, नाहीतर झोकांडी गेली असती.

"गाढवा! मरशील हे ठाऊक आहे तुला?"

"तिकडच्या डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी विचारलं, तुझ्या आईला असं काही आहे का. मी म्हटलं, नाही." त्याने भारा खाली टाकला. "आईला नाहीच."

"आपाला नाही. तिला मी तपासलंय. तिने तुला जन्मही दिलेला नाही."

तो कोकरांजवळ बसला. कोकराच्या कानामागे खाजवत राहिला.

मग मीच बोलले. माझी चूक कुठे झाली तेही तेव्हाच कळलं. बेगायिमला मी विचारलं होतं, मुलं किती? ती म्हणाली, दोन मुली. ती खोटं बोलली नव्हती. आमच्यात थोरलं लेकरू आजी-आजोबांच्या ओटीत घालतात. ते मग त्यांचं. आई त्याची वहिनी होते आणि बाप त्याचा दादा. दिलेलं लेकरू कुणी मोजत नाही. मोजलं तर परत मागितल्यासारखं होतं. मी याच मातीतली, तरी विचारताना मला हे सुचलं नाही, आणि सांगताना तिला. तिचा एवढा घातक वारसा, आणि ज्याला तो मिळाला तो माझ्या यादीबाहेर.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, ताई. फक्त बोलायचं नसतं." त्याने मान वर केली. "ती काय म्हणते, ऐकलंत ना? लेकराला झालं तर सुरी लावू देणार नाही. माझ्यासमोरही म्हणाली होती, गाडीत. माझ्याकडे न बघता. हेलिकॉप्टरमध्ये जागा एक. माझी फिल्म बघितली असती तर ती उठून बसली असती आणि गेली नसती. तिला जाऊ द्या. मी थांबतो खिंड उघडेपर्यंत."

"तिला गोळ्यांवर थोपवता येतं. तुझ्या डोक्यात पाणी तुंबलंय. तुला थांबवायला माझ्याकडे काही नाही." माझा आवाज चढला. "दोघांच्या फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर पहिल्याच नजरेत कळलं असतं कोण आधी. तू त्यातली एक चोरलीस आणि हिशेब तुझ्या मनाने लावलास!"

"मग आता काय करणार?"

खिळे उपसून मी फिल्म काढली आणि माझी शाल खिडकीत कोंबली.

"आता तिला दाखवणार."

६

पण दाखवायला मला तोंड उघडावं लागलं नाही. बेगायिमची फिल्मही कपाटातून घेऊन वॉर्डात गेले तेव्हा आपाने लोकर बाजूला ठेवली होती. माझ्या हातातल्या फिल्म तिने बघितल्या. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला.

"बेगायिम," ती म्हणाली, "तुझं थोरलं आजारी आहे."

 इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"तू अठराची होतीस," आपा म्हणाली. "मी मागितलं, तू दिलंस. तोंडातून शब्द काढला नाहीस. आज काढ. शिव्या दे हवं तर."

बेगायिमने दोन्ही फिल्म हातात घेतल्या, खिडकीशी धरल्या, आपली आणि त्याची. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता ती कोसळेल, आता रक्तदाब चढेल. मी मनातल्या मनात गोळ्या मोजत होते.

"वाचेल?" तिने विचारलं.

"उद्या गेला तर वाचेल. ही गाठ निघते. पुढे दरवर्षी तुमच्या दोघांच्या फिल्म काढायच्या, बस्स. तू ऑपरेशन नको म्हणशील या भीतीने त्याने ही लपवली होती."

"आणि मी ऑपरेशन नको म्हटलं तर तो जाणार नाही?"

"तो तुझ्याच वळणाचा आहे."

"मग माझंही करा, खिंड उघडली की. रडायचं नंतर बघू."

सकाळी आभाळ कोरडं आणि निळं होतं. हेलिकॉप्टर शाळेच्या पटांगणात उतरलं, तसं अर्धं गाव बर्फ तुडवत जमा झालं. उलार दाराशी जाऊन अडला. एसेनगुलने समजावलं, सोनुनने शिव्या घातल्या. हा बधिर.

"वहिनी, तू जा," तो म्हणाला. "तुझं ठरलंय. मी नाही जात."

बेगायिम ब्लँकेट गुंडाळून पुढे आली. "वहिनी गेली चुलीत!" ती म्हणाली, आणि तिने त्याचा कान धरला. भर गावात. सुनेने दिराच्या अंगाला हात लावणं आमच्यात कुणी बघितलेलं नाही. एवढा दांडगा पोरगा कानाच्या ओढीने वाकून पायऱ्या चढला, आणि गावातलं एकही माणूस हसलं नाही.

बचाव दलाचा माणूस कागद नाचवत ओरडला, "सही कोण करणार? याची आई कोण इथे?"

सगळ्यांच्या माना आपाकडे वळल्या. कागदोपत्री तीच होती. सोनुन तिला धरून पुढे आणायला निघाली. आपाने तिचा हात झटकला, बाह्यांत हात खुपसले, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर सावकाश वळून डोंगराकडे तोंड करून उभी राहिली.

बेगायिमने पेन घेतलं. "मी," ती म्हणाली.

पंखे फिरायला लागले. उलार दारातून वाकून आपाला हाका मारत होता, पण ती वळली नाही. मी तिच्याशेजारीच उभी होते, म्हणून मला तेवढं दिसलं. तिचे गाल ओले होते, आणि ती ओठ घट्ट दाबून धरत होती.